गोल्फच्या ड्रायव्हरचा शाफ्ट (दांडा) एक इंच कापला तर हातात आणि फटक्यात काय बदलतं?

तुमचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब (गोल्फची काठी), ४५.५ इंचांचा आहे, चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळून जातो, आणि कुणीतरी सुचवलंय की एक इंच कापून टाका. त्याने फटका सरळ होईल का, अंतर किती घटेल आणि क्लब हातात कसा वाटेल, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचा, तुमच्यासारखाच उजव्या हाताने खेळतो, आणि माझा ड्रायव्हर दोन टप्प्यांत कापून झालाय. पहिल्या वेळी फसलं, दुसऱ्या वेळी जमलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. कापल्यावर चेंडू फेसच्या (क्लबच्या डोक्याची, म्हणजे हेडची, चेंडूवर आदळणारी बाजू) मधोमध बसण्याची शक्यता वाढते आणि अंतर वाटतं तेवढं कमी होत नाही. पण कापून तसाच वापरायला घेतलात, तर हेड हाताला जाणवेनासं होतं आणि जो फटका जमत होता तोही बिघडतो. किती कापलं यापेक्षा कापल्यावर हेडला किती वजन परत दिलं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

माझी सगळी नोकरी अंबड एमआयडीसीत, टूलरूममध्ये झाली. त्यामुळे मला हे हातोड्यावरून समजतं. हातोडा दांड्याच्या टोकाला धरला की त्याचं डोकं हाताला ओढत राहतं, ते कुठे आहे हे न बघताही कळतं. तोच हातोडा मानेजवळ धरा. वजन तेच, पण ओढ गेली. ड्रायव्हरचंही तसंच होतं. बॅकस्विंगच्या, म्हणजे फटक्याआधी क्लब मागे नेण्याच्या, शेवटी हेड आपल्या डोक्यामागे असतं, दिसत नाही; ते कुठे आहे हे आपल्याला फक्त त्या ओढीवरून कळतं. ओढ कमी झाली की हात घाई करतात, अंग वळायच्या आत खाली येतात, आणि स्लाइस (चेंडूचं ते उजवीकडे वळणं) कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. पहिल्या वेळी माझं नेमकं हेच झालं. ज्याने कापून दिला त्याने शाफ्ट कापला, ग्रिप (धरायची मूठ) चढवली आणि क्लब हातात ठेवला. वजनाचा विषय त्यानेही काढला नाही आणि मलाही तेव्हा माहीत नव्हता. महिनाभर मी समजत होतो की शाफ्ट कडक झालाय.

थोडासा कडक तो खरंच होतो. ग्रिपच्या बाजूने कापलं तर फरक किरकोळ असतो, पण हेड हलकं लागत असल्यामुळे शाफ्ट कमी वाकतो आणि हाताला फार कडक झाल्यासारखा वाटतो. हेडच्या बाजूने, म्हणजे टिपकडून कापलं तर तो खरोखरच बराच कडक होतो. म्हणून लांबी कमी करायची असेल तर टिपला हात लावायचा नाही.

आता वजनाचं गणित. क्लबची ही ओढ मोजायला स्विंगवेट नावाचं माप आहे, डी-१, डी-२ असं. त्याच्या तराजूचा टेकू ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर असतो. आपल्याकडे गोल्फ क्लब म्हटलं की रिक्षा त्र्यंबक रोडवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाशी (त्यालाच इथे गोल्फ क्लब मैदान म्हणतात) जाऊन थांबते, आणि तिथे क्रिकेट चालू असतं! असा तराजू नाशकात कुठे शोधायचा? पण त्याच्यावाचून अडत नाही. ग्रॅम दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोजपट्टी पुरते. (मी ओळखीच्या सराफाकडे जाऊन वजन केलं होतं.) क्लब एका पातळ धारेवर आडवा तोलून धरा आणि तो जिथे तोलला जातो तिथे खूण करा. ग्रिपच्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर इंचांत मोजा, त्यातून १४ वजा करा, आणि उरलेल्या आकड्याला क्लबच्या वजनाने गुणा. या गुणाकारात साधारण ५० चा फरक म्हणजे स्विंगवेटचा एक अंक.

माझे आकडे देतो. कापण्याआधी ३१० ग्रॅम आणि ३३.४ इंच, म्हणजे ३१० गुणिले १९.४, ६०१४. एक इंच कापून तीच ग्रिप चढवल्यावर ३०९ ग्रॅम आणि ३२.७ इंच, म्हणजे ५७७८. फरक २३६, जवळजवळ पाच अंक. इंचाला सहा अंक असा ठोकताळा सांगतात, पण हल्लीचे ड्रायव्हर हलके असल्याने थोडं कमी भरतं. पाच अंक ऐकायला किरकोळ वाटतात, पण दोन-तीन अंकांचा फरकही सरावलेल्या हाताला लगेच कळतो. हेडपाशी वाढवलेला प्रत्येक ग्रॅम या गुणाकारात तीसेक भर घालतो, म्हणजे आठ ग्रॅममध्ये मूळची ओढ परत येते. मी आधी चार लावले, खेळून पाहिलं, मग सहावर थांबलो. पूर्ण आठ लावले तर शेवटच्या होल्सवर हात जड व्हायचे. तुमचा आकडा तुम्हालाच शोधावा लागेल, पण सुरुवात निम्म्यापासून करा.

वजन लावायला लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी, मिळते. हेडला सोलवर (तळाला) वजनाचा स्क्रू असेल तर जड स्क्रू घेणं जास्त नीटनेटकं. हलकी ग्रिप लावूनही स्विंगवेट वर जातं, साधारण पाच ग्रॅमला एक अंक, पण त्याने अख्खा क्लबच हलका होतो. मला ते पटलं नाही.

आता अंतर. एक इंच कमी झाल्याने हेडचा वेग हिशेबाने ताशी एक-दीड मैल कमी होतो, म्हणजे तीन-चार यार्ड. उलट चेंडू मधल्या बिंदूपासून अर्धा इंच बाजूला बसला तर साधारण सात टक्के अंतर जातं, दोनशे यार्डांच्या फटक्यात चौदा. म्हणजे आखूड क्लबने तुमचे फटके अर्ध्या इंचाने जरी मधे सरकले तरी तुम्ही फायद्यात. फटके आधीच मधोमध बसत असतील तर मात्र कापून फक्त ते तीन-चार यार्डच जातील, आणि हेडचा वेग मुळातच कमी असलेल्या वयस्कर खेळाडूला ते परवडत नाहीत.

पूर्वी स्टीलच्या शाफ्टचे ड्रायव्हर ४३-४३.५ इंचांचे असत. ग्रॅफाइट आलं, शाफ्ट हलके झाले, आणि कंपन्यांनी लांबी वाढवत नेली. व्यावसायिक खेळाडू मात्र दुकानातल्या ४५.५-४६ पेक्षा बरेचदा आखूडच वापरतात. रिकी फाउलरने २०१७ ची होंडा क्लासिक स्पर्धा ४३.५ इंचांच्या ड्रायव्हरने जिंकली. उलट बाजूला फिल मिकलसन २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप जवळपास ४८ इंची ड्रायव्हर घेऊन जिंकला. तेव्हा लांब म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही, पण तो रोज किती चेंडू मारतो आणि आपण आठवड्यातून किती, हे बघायला हवं.

तुमच्या स्लाइसबद्दल. कापल्याने प्रत्येक स्लाइस जात नाही. चेंडू फेसच्या हीलकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला, बसला की हेड फिरतं, आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात तसं चेंडूला उजवीकडे वळणारी फिरकी मिळते. टो म्हणजे शाफ्टपासून लांबच्या बाजूला बसला तर डावीकडे वळणारी. तुमचे फटके हीलकडे बसत असतील तर आखूड शाफ्ट खरंच उपयोगी पडेल. पण ते मधोमध बसूनही चेंडू वळत असेल, तर दोष फेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, राहण्यात किंवा बाहेरून आत येणाऱ्या स्विंगमध्ये आहे. त्याला करवत नको, शिकवणारा हवा.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. फेसवर टाल्कम पावडर लावा, वीस चेंडू मारा, आणि दर फटक्यानंतर खूण बघून पुन्हा पावडर लावा. मग हात एक इंच खाली धरून वीस चेंडू मारा. यात क्लब कापल्यासारखा हुबेहूब लागत नाही, कारण हाताच्या वर राहिलेला इंच आणि ग्रिपचा बारीक भाग हाताला कळतो. तरी खुणा मधे सरकताहेत का, तेवढं नक्की समजतं. त्या सरकत नसतील तर कापूच नका.

कापायचाच ठरला तर अर्धा-अर्धा इंच करत जा. जोड देऊन लांबी वाढवता येते, पण ते मूळच्यासारखं होत नाही. पाइप कटर वापरू नका, ग्रॅफाइटचे धागे चिरडतात. कापायच्या जागी मास्किंग टेप घट्ट गुंडाळा, बारीक दात्यांची हॅकसॉ घ्या, तोंडाला मास्क लावा, कारण ती भुकटी फुप्फुसात जाणं वाईट. शाफ्ट खाली निमुळता होत असल्याने ग्रिप जराशी बारीक लागेल. आत टेपचा एखादा वेढा जास्त द्या.

आखूड ड्रायव्हरला चेंडूच्या थोडं जवळ उभं राहावं लागतं. पहिले काही दिवस ते अवघडल्यासारखं वाटेल, त्यावरून मत बनवू नका. आणि स्पर्धा खेळत असाल तर राउंड सुरू झाल्यावर लेड टेप लावायची किंवा काढायची नाही, नियमात बसत नाही. जे ठरवायचं ते आदल्या दिवशी ठरवा.

पावडरच्या खुणांचा फोटो काढून इथेच टाका, शक्य असल्यास दोन्ही वेळचा. त्या हीलकडे किती आहेत ते पाहून टेप कुठे लावून बघायची ते सांगतो.