रंग तोडणारं एन्झाइम टिकवायचं कसं?

जिवाणूंमधून वेगळं केलेलं, कापडाचे अ‍ॅझो गटातले रंग तोडणारं अ‍ॅझोरिडक्टेज फ्रीजमध्ये ठेवूनही काही दिवसांत निकामी होतं. काय करू? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

आधी थोडं एफएमएन (एन्झाइमला साथ देणारा पिवळा फ्लेविन रेणू) घालून एन्झाइमचं काम पुन्हा मोजा. बऱ्याच अ‍ॅझोरिडक्टेजना हे फ्लेविन लागतं आणि शुद्धीकरणात ते सुटून जातं. कॉलमवर चढवताना पिवळसर असलेला नमुना उतरताना रंगहीन झाला असेल, तर संशय तिथेच घ्या. साठवायचं तर निम्मं ग्लिसरॉल घालून, छोट्या नळ्यांत वाटून उणे 20 अंशांवर ठेवा.

पुढे सांडपाण्यावर वापरताना मात्र एनएडीएच (या क्रियेला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) आडवं येणार. एक अ‍ॅझो बंध (रंगाच्या रेणूतला दोन नायट्रोजनमधला जोड) पुरता तोडायला त्याचे दोन रेणू खर्ची पडतात, आणि ते सांडपाण्यात ओतण्याइतकं स्वस्त नाही. माझ्या मते इथे सुटं एन्झाइम टिकवत बसण्यापेक्षा अख्ख्या पेशी वापराव्यात. त्या एनएडीएच स्वतःच पुन्हा तयार करतात. फक्त हवा खेळवू नका, ऑक्सिजन असला की ही क्रिया मंदावते.

अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या जेलच्या) मण्यांत अडकवलेलं लॅकेज (रंग तोडणारं, तांबं असलेलं एन्झाइम) प्रयोगशाळेत छान चालतं. प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) पाण्यात मणी फुगून फुटतात. – एक तंत्रज्ञ, इचलकरंजी

फुटणारच. मणी कॅल्शियमनं बांधलेले असतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईच्या पाण्यात ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) किंवा मीठ आणि सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) भरपूर. त्यातलं सोडियम कॅल्शियमला हुसकावतं, कार्बोनेट त्याचा साका करतं, उरलंसुरलं सिक्वेस्टरिंग एजंट (धातू पकडून ठेवणारं रसायन) ओढून घेतो. तोच एजंट लॅकेजमधल्या तांब्यालाही हात घालू शकतो. शिवाय मिठातलं क्लोराइड बऱ्याच लॅकेजना मंद करतं.

कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसन घ्या आणि एन्झाइम त्यावर ग्लुटाराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनानं बांधा. त्याचं प्रमाण कमीच ठेवा, जास्त झालं की एन्झाइम आखडतं. बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंच्या कवचात कॉटए नावाचं लॅकेज असतं. ते उष्णतेत तगतं आणि बीजाणू जसेच्या तसे वापरता येतात. निसर्गानंच बांधून दिलेलं हे एन्झाइम मला फार मोलाचं वाटतं.

एक पथ्य कडक पाळा. कायटोसन रंग नुसताच शोषूनही घेतं. म्हणून उकळून मारलेल्या एन्झाइमचे मणी शेजारी लावा. तेही तितकेच निळे झाले आणि पाणी तितकंच नितळ झालं, तर एन्झाइमनं काही केलेलं नाही. आणि टिकाऊपणा मोजायचा तो कारखान्याच्याच पाण्यात, त्याच सामूला, त्याच तापमानाला. आम्लधर्मी बफरमध्ये एबीटीएस या चाचणीच्या रसायनावर काढलेला आकडा तुमच्या टाकीबद्दल काहीच सांगत नाही.

रंग गेलेलं असं पाणी उसाला द्यावं का? – शेतकरी, शिरोळ तालुका

नुसता रंग गेला म्हणून देऊ नका. अ‍ॅझो बंध तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन उरतात. ती बहुधा रंगहीन असतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. हवा खेळवलेल्या दुसऱ्या टाकीत जिवाणूंनी ती पचवायला हवीत. मीठ तर कुठलंच एन्झाइम काढत नाही; तुमच्याकडे आधीच क्षारपड जमिनींचा प्रश्न आहे. पाणी देणाऱ्याकडून सीओडी (पाण्यातला सेंद्रिय भार), टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि अमाइन या तिन्हींचा अहवाल मागून घ्या. तो हातात येईपर्यंत पाणी बांधावरच अडवा.