पुरानंतरचा वाडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सांगलीत गावभागात आमचा जुना वाडा आहे, खाली दोन गाळे. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला. तरी कमरेपर्यंत पोपडे सुटतात, लोणा (पांढरे क्षार) येतो. गाळ्यांत भाडेकरू टिकत नाहीत. सगळे म्हणतात, पाडून टाका.

उत्तर: पाडायची घाई करू नका. भाजकी वीट आणि मातीचं काम पाणी शोषतं आणि हवेवर सोडतं. सिमेंट आणि ऑइलपेंटने ती वाट बंद झाली. आता ओल वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि तो फुगून सुटतो. खाली पाणी न शोषणारी व्हिट्रिफाइड फरशी बसवली असेल, तर जमिनीतली ओलही भिंतीकडेच वळते.

ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत गिलावा छिन्नीने काढा. ब्रेकर लावू नका, विटांच्या कडा तुटतात. सांधे अर्धा इंच खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून कचऱ्यात टाका. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात.

मग वाळू द्या. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी आठ-नऊ महिने लागतात. तोवर दुकान बंद ठेवायची गरज नाही. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवा, मागून हवा खेळू द्या.

नवा गिलावा चुन्याचाच करा. कळीचा चुना (भट्टीतला कोरडा चुना) पाण्यात विरवून, चाळून, किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवा. विरवताना आधी पाणी, मग चुना, आणि डोळ्यांना चष्मा. प्रमाण: चुना 1, सुरखी (भाजक्या विटांची पूड) 1, धुतलेली वाळू 2. एक थर 10-12 मिलिमीटरचा, दुसरा आठवडाभराने. ओली पोती टांगून दहा दिवस थर ओलसर ठेवा, ऊन लागू देऊ नका. चुना नीट चाळला नाही तर न विरलेले खडे महिन्याभराने फुगतात आणि गिलाव्याला खड्डे पडतात. ‘लवकर धरेल’ म्हणून गवंडी घमेल्यात सिमेंट टाकू पाहतो. तिथे समोर उभे राहा. वरून फक्त चुन्याची सफेदी.

लाकडी खांबांचे बुंधेही तपासा. स्क्रूड्रायव्हर दाबून सहज आत गेला, तर तेवढा कुजका भाग कापून मुरलेल्या सागवानाचा जोड द्यावा लागेल. त्याआधी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू हवेत, नाहीतर माडी खचते.

पाडण्याबद्दल एवढंच: पुराची निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. आपली जागा कुठे येते ते महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर आधी पाहा. पाडल्यावर तेवढंच क्षेत्र पुन्हा मिळेल असं धरून चालू नका. खाली दुकान, वर बिऱ्हाड यावरच हा बाजार जगला. असे वाडे एकेक करून गेले, की रात्री पेठेत माणूसच उरत नाही.

प्रश्न: गणपती पेठेत माझं भाड्याचं दुकान आहे. छत गळतं, मालक दाद देत नाहीत.

उत्तर: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम आहे. रजिस्टर पोस्टाने 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी हालचाल नसेल तर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाला वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पेठेतलं जुनं भाडं पाहता ही रक्कम फार नसते; कौलं बदलणं किंवा पन्हळ बसवणं तेवढ्यात भागेल, नवं छत नाही. मोठ्या कामासाठी मालकाशी खर्चाची वाटणी लेखी ठरवा. कामाआधीचे-नंतरचे फोटो, बिलं आणि भाडेपावत्या जपा. भाडं थकवू मात्र नका, नाहीतर मालकाला जागा खाली करून मागायला आयतं कारण मिळतं.

प्रश्न: दुकानातलं वायरिंग नव्याने करायचंय. बोर्ड किती उंचीवर घ्यावा?

उत्तर: 2019 च्या पाण्याची खूण भिंतीवर असेल, तर मीटर आणि एमसीबी (बिघाड झाल्यास आपोआप पडणारा स्विच) तिच्या फूटभर वर. खूण छतालगत असेल तर बोर्ड माडीवर न्या आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे पाणी चढताना तेवढंच बंद करता येईल. वायर वरून खाली उतरवा, जोत्यातून नको.