घटना ३० जूनची, गुन्हा १ जुलैला दाखल: कलमं कुठली लागणार?

प्रश्न: ३० जून २०२४ च्या रात्री साडेदहाला बांधावरून भावकीत भांडण झालं. माझ्या भावाच्या हातातला ऊसतोडीचा कोयता चुलतभावाच्या दंडाला लागला. हाड मोडलं नाही, सात टाके पडले. सतरा दिवस त्याला कामधंदा करता आला नाही, असा दाखला आहे. फिर्याद १ जुलैच्या दुपारी दाखल झाली. कलमं: भारतीय न्याय संहिता ११८(२), ३५२, ३५१(२), शिवाय आर्म्स ॲक्ट ४/२५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)/१३५. भाऊ जामिनावर आहे, दोषारोपपत्र आलंय, आरोप अजून ठेवलेला नाही. लोक म्हणतात, नंबर बदललेत, बाकी सगळं तेच. खरं का?

उत्तर: तुमच्या भावापुरतं तरी नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आता भारतीय न्याय संहिता आली आहे. दंड संहितेतली ३२४ (धोकादायक हत्याराने दुखापत) आणि ३२६ (तशाच हत्याराने जबर दुखापत) ही दोन कलमं न्याय संहितेत एकाच ११८ मध्ये, पोटकलम (१) आणि (२) म्हणून बसवली. पण त्याच वेळी ‘जबर दुखापती’ची व्याख्याही हलली. तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं करता न येणं, याची मुदत जुन्या कलम ३२० मध्ये वीस दिवस होती. नव्या ११६ मध्ये पंधरा आहे. तुमचे सतरा दिवस बरोबर या दोहोंच्या मधे पडतात. जुन्या कायद्याने ही साधी दुखापत, म्हणजे ३२४, जास्तीत जास्त तीन वर्षं. नव्याने ती जबर ठरते: जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि ठरावीक मुदतीची कैद दिली तर ती किमान एक वर्ष. ही किमान मर्यादा ३२६ मध्ये नव्हती.

कलम ठरतं ते घटनेच्या तारखेवर, फिर्यादीच्या नाही. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या कृत्यांची जबाबदारी जुन्याच कायद्याखाली राहते, हे तिच्या कलम ३५८ मध्येच आहे. शिवाय कृत्याच्या वेळी नसलेली जादा शिक्षा देता येत नाही, हे राज्यघटनेचं अनुच्छेद २०(१). म्हणून इथे दंड संहितेची ३२४, ५०४ (चिथावणीसाठी अपमान, नवं ३५२) आणि ५०६ (धमकी, नवं ३५१(२)) हवीत.

कार्यपद्धती मात्र नवी. तपास १ जुलैला सुरू झाला, त्यामुळे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागेल. तिचं कलम ५३१ फक्त आधीपासून प्रलंबित असलेल्या तपासांना आणि खटल्यांना जुन्या वाटेने जाऊ देतं. इथे आकड्यांची गल्लत फार होते. जुनं १७३ दोषारोपपत्राचं, नवं १७३ एफआयआरचं. जुनं ४८२ उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचं (ते आता ५२८), नवं ४८२ अटकपूर्व जामिनाचं. अर्जावर कायद्याचं पूर्ण नाव लिहायला लावा.

आता करायचं काय? एफआयआरमध्ये घटनेची वेळ आणि खबर मिळाल्याची वेळ वेगवेगळी नोंदवलेली असते, ती तपासा. दवाखान्यातल्या एमएलसी नोंदीची (पोलीस प्रकरणातल्या जखमीची वैद्यकीय नोंद) प्रमाणित प्रत काढा. जखमी मध्यरात्रीपूर्वी दाखल झाला असेल, तर वेळेबद्दल वाद उरत नाही. दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ खाली डिस्चार्ज अर्ज (आरोप ठेवण्याआधीच मुक्त करा, असा) करता येतो, पण ३२४ चा पुरावा दिसत असताना पूर्ण सुटकेची मागणी टिकणार नाही. मागणी एवढीच करा, की आरोप दंड संहितेच्या ३२४, ५०४, ५०६ खाली ठेवावा. आरोप आधीच ठेवला गेला, तर निकालापूर्वी कधीही त्याच संहितेच्या २३९ खाली बदल मागता येतो. चुकीचं कलम लागलं म्हणून खटलाच रद्द होईल, या आशेवर राहू नका. सतरा दिवसांचा दाखलाही उलटतपासणीत तपासून घ्या: टाके काढेपर्यंत विश्रांती सांगणं वेगळं आणि काम करता न येणं वेगळं.

आर्म्स ॲक्ट स्वतंत्र, १९५९ चा. त्याचे नंबर बदललेले नाहीत. त्यातली ‘शस्त्रा’ची व्याख्या निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळते. ऊसतोडीच्या कोयत्याला हा बचाव आहे, म्हणून पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी मोजली आहे का आणि कोयता कसला म्हणून लिहिला आहे, ते पाहा. खटल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची कलम ३९ ची मंजुरी नाही, हा मुद्दा काढू नका. ती कलम ३ च्या (बंदुकीसारख्या अग्निशस्त्रांच्या) गुन्ह्यांसाठी लागते, इथे कलम ४ आहे.

पोलीस कायद्याच्या ३७(१) साठी शस्त्रं बाळगण्यावरच्या मनाई आदेशाची प्रत मागवा. त्यात ३० जून ही तारीख आणि तुमचं गाव बसत नसेल, तर ते कलम गळतं.