बंदुकीचा घोडा आणि कोल्टचं शिंगरू

प्रश्न असा आला आहे: ‘कोल्ट’ म्हणजे इंग्रजीत शिंगरू, आणि कोल्टच्या पिस्तुलांवर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा कोरलेला असतो. आपण ‘बंदुकीचा घोडा दाबला’ म्हणतो, ते त्यावरूनच आलं का? की ‘चाप’ म्हणायला हवं?

त्यावरून आलेलं नाही. आणि घोडा दाबतही नाहीत! बातम्यांत रोज कोणीतरी ‘रिव्हॉल्व्हरचा घोडा दाबतो’ आणि माझा चहा कडू होतो. तर्जनीने ओढतात तो चाप. नळीच्या मागच्या टोकाला, अंगठ्याने मागे खेचायचा आणि सुटला की पुढे आपटतो, तो घोडा. काही कोशकारांनी दोन्ही एकाच ओळीत कोंबले आहेत. त्यांनी एकदा तरी बंदूक हातात धरून बघायला हवी होती.

हा फरक कोणाला नीट कळला होता, तर तो खुद्द सॅम्युएल कोल्टला. १८१४ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जन्मलेला हा माणूस १८३० मध्ये, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावरून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला. (कोर्व्हो म्हणजे पोर्तुगीजमध्ये कावळा. प्राणी या गोष्टीची पाठच सोडत नाहीत.) त्याच प्रवासात त्याने फिरत्या दंडगोलाचा (गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या नळकांड्याचा) लाकडी नमुना कोरला. फिरत्या दंडगोलाची कल्पना त्याची एकट्याची नव्हे. बोस्टनच्या एलिशा कोलियरने १८१८ मध्येच लंडनला तशा बंदुकीचं पेटंट घेतलं होतं, पण तिचा दंडगोल हाताने फिरवावा लागे. कोल्टची करामत अशी की अंगठ्याने घोडा मागे खेचला की त्याच हालचालीत दंडगोल एक घर फिरतो आणि पुढचा बार नळीसमोर येऊन अडकतो. २५ फेब्रुवारी १८३६ला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना उभा राहिला. तो १८४२ मध्ये बुडाला, ते सोडा. तिथल्या पिस्तुलाची गंमत बघा: चाप आत दुमडलेला, बाहेरून दिसतच नाही. घोडा खेचला की तो टपकन खाली उतरतो. आता सांगा, त्या पिस्तुलावर आधी ‘घोडा दाबून’ दाखवणार कसा?

पुढे १८४७ मध्ये टेक्सासच्या कॅप्टन वॉकरच्या सूचनेवरून हजार पिस्तुलांची सरकारी मागणी आली. स्वतःचा कारखाना उरला नव्हता, म्हणून ती धाकट्या एली व्हिटनीच्या कारखान्यात बनवून घेतली. एकेक पिस्तूल दोन किलोच्या आसपास! मग हार्टफर्डला मोठा कारखाना, त्यावर निळा कांद्याच्या आकाराचा घुमट, आणि घुमटाच्या टोकावर उधळलेलं सोनेरी शिंगरू. म्हणजे हे शिंगरू आडनावावरची कोटी आहे. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या बंदुका आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, आणि त्यांच्या त्या भागाला घोडा म्हणायला कोणी हार्टफर्डच्या घुमटाची वाट बघत बसलं नव्हतं. हिंदीतही घोडाच आहे. तिथेही कोल्टनेच नेऊन बांधला की काय?

आता खरी मजा. बंदुकीच्या या एका तुकड्यावर जगाने अख्खं प्राणिसंग्रहालय भरवलं आहे. इंग्रजीत कोंबडा, जर्मनमध्येही कोंबडा (हान). गारगोटी चोचीत धरून टोचा मारतो म्हणून. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज लोकांना त्यात कुत्रा दिसला: शियाँ, काने, काउँ. स्पॅनिशमध्ये ‘गातिल्यो’, मांजराचं पिल्लू. आणि हे पिल्लू हळूहळू घसरत आज चापापाशी येऊन बसलंय, अगदी आपल्या बातमीदारांच्या घोड्यासारखं. म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

मग आपण घोडाच का निवडला? ‘लाथ मारतो म्हणून’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. लाथ खांद्याला बसते ती दस्त्याची हो! घोडा तर पुढे झेपावतो. माझा तर्क वेगळा आहे. मराठीत घोडा-घोडी म्हणजे नुसतं पळणारं जनावर नाही, पाठीवर वाहून नेणारी वस्तूही. तंबोऱ्याची घोडी तारा पेलते. सुताराची घोडी फळी पेलते. आता तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची बंदूक डोळ्यांसमोर आणा: एक वाकडा लोखंडी चिमटा, त्याच्या टोकाला जळता तोडा खोचलेला. चाप ओढला की चिमटा तो निखारा उचलून रंजकीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर नेऊन टेकवतो. विस्तव वाहून नेणारा, म्हणून घोडा. पुढे तोड्याच्या जागी गारगोटी आली, स्वार बदलला, घोडा तोच. इतरांना जबडा दिसला, चोच दिसली. आपल्याला पाठ दिसली. कोणाकडे याहून बरी व्युत्पत्ती असेल तर जरूर आणा, पण कृपा करून लाथ आणू नका.

कोल्टच्या काळापर्यंत गारगोटीही गेली होती. घोड्याने फक्त दारूच्या टोपीवर (आपटताच पेटणाऱ्या इवल्या टोपीवर) आपटायचं. इंग्रजांनी लगेच कोंबडा हाकलून ‘हॅमर’ म्हणायला सुरुवात केली, क्रियापदात (‘टू कॉक’, म्हणजे घोडा खेचणं) तेवढा तो अजून आरवतो. आपण घोडा ठेवला, पाठ रिकामी असली तरी.

हां, चाप राहिलाच. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, आणि बोट अडकवायची ती वाकडी कमान पाहिली की फार खोल जावं लागत नाही. तो ओढा. घोडा खेचा.