वाचकांचे प्रश्न: जुना छोटा हार्प

प्रश्न: लिलावात हिरव्या रंगाचा, सोनेरी शॅमरॉकची (आयर्लंडचे चिन्ह असलेली तीन पानांची वनस्पती) पाने रंगवलेला सुमारे 90 सेंटिमीटर उंचीचा आयरिश हार्प मिळाला. ‘ब्रायन बोरूच्या काळचा’ असे सांगून विकला. खरे वय कसे ओळखावे?

उत्तर: आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू 1014 मध्ये मारला गेला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधला हार्पसुद्धा त्याच्यानंतर तीन-चारशे वर्षांनी घडवलेला आहे. तेव्हा विक्रेत्याचे बोलणे सोडून द्या आणि हार्प मागून पाहा.

जुन्या गेलिक (आयरिश-स्कॉटिश) हार्पची नादपेटी एकाच ओंडक्यातून कोरून काढत आणि तिच्यावर धातूच्या तारा ओढत. ट्रिनिटीचा हार्प आणि एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयातले ‘क्वीन मेरी’ व ‘लॅमाँट’ हे दोन हार्प याच घडणीचे आहेत. हे वाद्य वाढवलेल्या नखांनी वाजवत. 1792 च्या बेलफास्टच्या हार्पवादकांच्या मेळाव्यात एडवर्ड बंटिंगने वादकांच्या चाली लिहून घेतल्या, तेव्हा नखांनी वाजवणारा एकटा म्हातारा डेनिस हेम्पसन उरला होता.

तुमच्या वर्णनावरून हा हार्प पुढच्या पिढीचा वाटतो. डब्लिनच्या जॉन इगनने 1819 च्या सुमारास छोटे ‘पोर्टेबल आयरिश हार्प’ करायला घेतले. गोलसर पाठ, पातळ तबली (ताती जिच्यातून निघतात ती नादपेटीची फळी), आतड्याच्या ताती आणि हिरव्या, काळ्या किंवा निळ्या रंगावर सोनेरी नक्षी ही त्यांची ओळख. काहींच्या खांबात हाताने दाबायच्या सात कळा असतात. प्रत्येक कळ एका स्वराची: ती दाबली की तो स्वर सगळ्या सप्तकांत अर्ध्या स्वराने चढतो. इगनचे नाव आणि ‘डॉसन स्ट्रीट’ हा पत्ता कुठे लिहिलेला दिसतो का ते बघा. हीच कल्पना पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये मेल्व्हिल क्लार्कने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उचलली. त्याच्या ‘क्लार्क आयरिश हार्प’ला 31 ताती असतात. त्यावरही शॅमरॉक असतात, त्यामुळे ते दिसले म्हणून हार्प डब्लिनचाच, असे समजू नका.

प्रश्न: जुन्या आयरिश हार्पला पितळी तारा असत, असे वाचले. मग याला त्याच लावू का?

उत्तर: मुळीच नको. सारखी लांबी, जाडी आणि स्वर धरला, तर ओढ घनतेच्या प्रमाणात वाढते. पितळ तातेपेक्षा सुमारे साडेसहा पट जड. ओंडक्यातली जाड पेटी बारीक पितळी तारांचा ताण पेलते, पण इगनची पातळ तबली अशा तारांनी उखडून येईल. नायलॉन लावले तर वाद्य मोडणार नाही, कारण त्याच जाडीला ओढ बारा टक्क्यांच्या आसपास कमीच पडते. आवाज मात्र बसका येतो.

प्रश्न: ताती कित्येक वर्षे नाहीत. नव्या चढवून स्वरात कसे आणावे?

उत्तर: सावकाश. बहुतेक जुने हार्प घाईनेच मोडतात.

आधी मागच्या छिद्रांतून विजेरीने आत पाहा. आतल्या पट्ट्या सुटल्या आहेत का? बोटाच्या पेराने तबलीवर जागोजागी टकटक करा. कुठे खुळखुळ किंवा झिणझिण आली तर तिथला सरस सुटला आहे. तो नीट होईपर्यंत एकही तात लावू नये. ताज्या पिवळसर भुशाचे ढीग दिसले तर लाकडात कीड अजून जिवंत आहे.

मग तक्ता करा: तातेचा क्रमांक, स्वर, खुंटीपासून तबलीपर्यंतची लांबी, जाडी. जुन्या तातीचे तुकडे उरले असतील तर मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा. बोटांनी झिजलेला भाग फसवतो, म्हणून गाठीजवळचे माप धरा. जाडीत जरा चूक झाली तरी परिणाम मोठा होतो: 1.0 मिमीऐवजी 1.1 मिमी लावली की ओढ 21 टक्के वाढते.

कळांचे हार्प बहुधा ई फ्लॅट मेजर या पाश्चात्त्य स्वरश्रेणीत लावतात. मग कळांनी तीन फ्लॅटपासून (उतरवलेले स्वर) चार शार्पपर्यंतच्या (चढवलेले स्वर) आठ मेजर श्रेणी मिळतात. आजच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली लावला तर ओढ सुमारे 11 टक्के, पूर्ण स्वर खाली लावला तर 21 टक्के कमी होते. शंभर-दोनशे वर्षांच्या लाकडासाठी आम्ही हेच सुचवू.

पहिल्या फेरीत सगळ्या ताती अपेक्षित स्वरापेक्षा पंचमाने खाली आणा. त्या वेळी पूर्ण ओढीच्या निम्म्याहून कमी, सुमारे 44 टक्के, भार असतो. तीन दिवस थांबा, मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक स्वर वर न्या. प्रत्येक फेरीला तबलीवर आडवी पट्टी ठेवून मधला फुगवटा मिलिमीटरमध्ये नोंदवा. थोडा फुगवटा स्वाभाविक आहे. तो एकाएकी वाढला किंवा तबलीच्या कडेला फट दिसली, तर ताती समप्रमाणात सैल करा. मानही (खुंट्या बसवलेला वरचा भाग) बघत राहा: सगळ्या ताती तिच्या एकाच बाजूला असतात, म्हणून ती त्या बाजूला पिळली जाते. नवी तात आठवडेभर उतरतच राहते, त्यात बिघाड काही नाही.

प्रश्न: वरची एक तात सारखी तुटते. जाड तात लावू?

उत्तर: फायदा नाही. ठरावीक लांबीची तात कोणत्या स्वराला तुटणार, हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसते. जाड केली तर ताकद वाढते, तशी ओढही वाढते. पट्टी जास्त चढवली आहे का ते तपासा, आणि ती तात जिथे पिनेला किंवा कळेला टेकते तिथे धारदार कड आहे का ते नखाने चाचपा. असेल तर बारीक पॉलिश कागदाने कड गोल करा.

प्रश्न: मानेचा सांधा उघडला आहे. सुतार एपॉक्सी भरू म्हणतो. शिवाय खुंट्या घसरतात.

उत्तर: एपॉक्सी नको. जुना सरस उष्णता आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो. एपॉक्सी सोडवताना लाकूडच फुटते. सांधा सैल असेल तर तंतुवाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तोवर ताती उतरवून ठेवा. निमुळत्या खुंट्या फिरवताना जाड टोकाकडून आत दाबाव्यात. तरी घसरल्या तर कोरडा खडू चोळा. तेल कधीच लावू नका, ते लाकडात मुरते. किल्ली खुंटीच्या डोक्यावर घट्ट बसली पाहिजे. सैल किल्लीने कोपरे गोल होतात, मग कोणतीच बसत नाही.

प्रश्न: सोनेरी नक्षी ओल्या कापडाने पुसू का?

उत्तर: नाही. वर्खाखालचा थर सरसाचा असला तर तो पाण्याने विरघळतो. केसांच्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, सुटलेल्या कडांना हात लावू नका. वाद्य उन्हापासून, हीटरपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत टिकली तर उत्तम. कायम 60 असण्यापेक्षा रोज 35 ते 65 अशी झोके खाणारी हवा जास्त भेगा पाडते.