किल्ली मुठीत असताना

प्रिय लेकी,

तुझी पटकथा दोनदा वाचली. एकदा नुसती गोष्ट म्हणून आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या वाचनात शेवटच्या सहा पानांनी मला चकवलं, हे कबूल करते. दुसऱ्या वाचनात मात्र मधली सत्तर पानं मी चहा पीत, मधेच उठून दाराची बेल बघत, आरामात वाचली. पेन्सिल फारशी चाललीच नाही. हे कौतुक नाही, हे तुला कळलंच असेल.

नायिका हेर आहे हे तू शेवटची सहा पानं उरेपर्यंत आमच्यापासून लपवलंस. तिचं त्या तरुण अधिकाऱ्यावर प्रेम आहे, हे मात्र पहिल्या पानापासून सगळ्यांना ठाऊक. तिला, त्याला, त्याच्या आईला आणि आम्हालाही. म्हणजे हेरगिरीत आम्ही अंधारात आणि प्रेमात सगळेच उजेडात. अशा गोष्टीत जीव टांगणीला लागायला जागाच राहत नाही. त्यात तू प्रेमाचे प्रसंग एका डब्यात आणि हेरगिरीचे दुसऱ्या डब्यात भरलेस. एक डबा उघडला की दुसऱ्यावर झाकण.

म्हणून हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ‘नोटोरियस’ बघ. बघितला असशील तर पुन्हा बघ, आणि या वेळी कोणाला काय माहीत आहे एवढंच बघ. 1946 चा चित्रपट. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, पटकथा बेन हेक्टची. इन्ग्रिड बर्गमन, कॅरी ग्रँट आणि माझ्या मते या चित्रपटातला सगळ्यात मोठा नट, क्लॉड रेन्स.

गोष्ट तुला तोंडपाठ हवी, म्हणून थोडक्यात सांगते. पडद्यावर पहिल्यांदा अक्षरं येतात, मायामी, 24 एप्रिल 1946, दुपारचे 3 वाजून 20 मिनिटं. चित्रपट लागला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. थोडक्यात, प्रेक्षक जवळजवळ त्या आठवड्याचं वर्तमानपत्र बघत होते. ॲलिशियाच्या (म्हणजे बर्गमनच्या) बापाला देशद्रोहासाठी शिक्षा झालीय. ती दारू आणि पुरुष यांत स्वतःला बुडवून घेतेय. डेव्हलिन नावाचा अमेरिकन गुप्तहेर (ग्रँट) तिला रिओ दी जनेरोला नेतो. तिथं दोघं प्रेमात पडतात, आणि मग वरून हुकूम येतो की सेबॅस्टियन नावाच्या जर्मनाच्या घरात शिरायचं. हा सेबॅस्टियन (रेन्स) तिच्या बापाचा मित्र, एके काळी तिच्या प्रेमात पडलेला. घरात कसं शिरायचं हे कुणी तोंडानं बोलत नाही. सगळ्यांना कळतं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे पत्र लिहायला बसले, तिथं येऊ. डेव्हलिन रात्रीच्या जेवणासाठी शॅम्पेनची बाटली विकत घेतो आणि जाता जाता साहेबांच्या कचेरीत डोकावतो. तिथं त्याला हुकूम कळतो. तो अडखळतो. ती तसली बाई नाही, तिला या कामाचा अनुभव नाही, असं काहीबाही पुटपुटतो. साहेब मंडळी ऐकून घेत नाहीत. तो निघून जातो आणि बाटली तिथंच राहते. कॅमेरा त्या बाटलीवर क्षणभर थांबतो.

तिकडे ॲलिशिया कोंबडी भाजून बसलीय. स्वयंपाकघराशी तिचं फारसं पटत नाही, कोंबडीनं एकदा पेटही घेतलाय. तो येतो, तोंड पाडून सगळं सांगतो. ती विचारते, तू माझ्या बाजूनं काही बोललास का? आणि हा गप्प! काय ते तू ठरव, असं म्हणून मोकळा होतो. शेवटी इकडेतिकडे बघत पुटपुटतो, माझ्याकडे शॅम्पेनची बाटली होती, कुठंतरी विसरलो वाटतं.

इथं थांब आणि मोज. तो तिच्यासाठी बोलला होता, हे आपल्याला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. बाटली कुठं राहिली आणि का राहिली, हेही आपल्याला माहीत आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगून मग पात्रांना निवांत गप्पा मारायला लावायच्या, हा हिचकॉकचा नियम तू मला पाठ म्हणून दाखवतेस. तोच नियम त्यानं इथं प्रेमाला लावलाय. न बोललेलं एक वाक्य टेबलाखाली पडलंय, आणि पुढचा तासभर ते फुटत नाही. यानंतर ती सेबॅस्टियनशी लग्न करायला निघते तेव्हाही डेव्हलिननं थांबवायची ती वाट बघत असते. आणि त्याला हवं असतं की तिनं आपणहून नाही म्हणावं. आपण खुर्चीत बसून दोघांवर चरफडत राहतो.

तुझी नायिका आणि तो अधिकारी एकमेकांना सगळं सांगून टाकतात. कशाला गं?

आता किल्ली. तळघराच्या कुलपाची, ‘उनिका’ अशी अक्षरं कोरलेली. ॲलिशिया आता सेबॅस्टियनची बायको आहे. तो आत आवरतोय, दारावर त्याची सावली हलतेय, आणि ती टेबलावरच्या जुडग्यातून ती एक किल्ली काढून घेते. तो बाहेर येतो. तिचे दोन्ही हात हातात घेतो. एक मूठ प्रेमानं उघडतो, तळव्याचं चुंबन घेतो. किल्ली दुसऱ्या मुठीत आहे. तो दुसऱ्या हाताकडे वळतो, तेवढ्यात ती त्याच्या गळ्यात पडते. मिठी मारून त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायानं हळूच दूर सारते.

त्या मिठीला तू तुझ्या पटकथेत कुठल्या डब्यात घातलं असतंस? नवऱ्याला वाटतं बायकोला भरून आलं. बायको चोरी लपवतेय. ही किल्ली ज्याच्यासाठी चोरली त्या माणसाचा नवऱ्याला मत्सर वाटतोय, आणि तो मत्सर अगदी बरोबर जागी आहे. हाताच्या तळव्याएवढ्या जागेत सगळं मावलं. संवाद किती? जवळजवळ नाहीच.

संध्याकाळच्या मेजवानीत कॅमेरा जिन्याच्या माथ्यावरून सुरू होतो. खाली भरलेला दिवाणखाना, पाहुणे, झगमगाट. मग तो खाली उतरत उतरत थेट तिच्या मुठीतल्या किल्लीपाशी येऊन थांबतो. या शॉटवर लोकांनी खूप लिहिलंय, मी भर घालत नाही. मला जास्त आवडते ती बर्फातल्या बाटल्यांची मोजणी. शॅम्पेन संपली तर सेबॅस्टियन तळघरात आणखी आणायला जाणार, आणि किल्ली गायब असल्याचं उघडं पडणार. त्यामुळे पाहुण्यांनी उचललेला प्रत्येक पेला आपल्या छातीत धडधडतो. घड्याळ म्हणून बाटल्या वापरल्यात! त्यात हिचकॉक स्वतः एका प्रसंगात येतो, एक पेला घटाघटा पितो आणि चालता होतो. म्हणजे दिग्दर्शकानंच नायिकेचा वेळ कमी केला. वाह्यात माणूस.

तळघरात डेव्हलिनच्या धक्क्यानं एक बाटली फुटते. आत दारूऐवजी काळी वाळू. ते दोघं काचा सारतात, दुसरी बाटली तिच्या जागी ठेवतात, आणि बाहेर पडताना सेबॅस्टियन येताना दिसतो. तेव्हा डेव्हलिन तिला जवळ ओढून तिचं चुंबन घेतो. सेबॅस्टियननं त्यांना हेर म्हणून बघण्याऐवजी प्रेमिक म्हणून बघावं, यासाठी. खोटं चुंबन. पण तिच्याकडे बघ, ती क्षणभर खोटं विसरलीय. दिवसेंदिवस जे त्यानं खरं म्हणून दिलं नाही, ते सोंग म्हणून दिलं. हा एक प्रसंग नीट समजला तर तुझे दोन डबे आपोआप एक होतील.

काळी वाळू म्हणजे युरेनियमचं खनिज. तू विचारशील, त्याचं पुढे काय झालं? फारसं काही नाही. जर्मन ते कशासाठी साठवतायत, बॉम्ब कसा करणार, याचं एक वाक्यही धड नाही, आणि कुणाला चुकल्यासारखं वाटतही नाही. हिरोशिमावर बॉम्ब पडला 6 ऑगस्ट 1945 ला, आणि चित्रीकरण सुरू झालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. पटकथेत युरेनियम आणल्यामुळे आपल्यामागे सरकारी गुप्तहेर लागले होते, असं हिचकॉक पुढे मुलाखतींत सांगायचा. त्यात तिखटमीठ किती, ते तोच जाणे. तू मात्र गोदीतल्या त्या नकाशांवर अकरा पानं खर्च केलीस. अकरा! दोन ठेव.

माझी एक चूक सांगते. अनेक वर्षांपूर्वी एका मालिकेचा भाग माझ्याकडे संकलनाला होता. सून सासऱ्याला दुधातून काहीतरी देते, तो पितो, कोसळतो, आणि मग आपल्याला तिच्या पदरात बांधलेली पुडी दिसते. पुडी आधी दाखवणारा शॉट माझ्याकडे होता. मी तो हुशारीनं शेवटी नेला. धक्का बसला पाहिजे, म्हणून. भाग लागला त्या रात्री मी आईच्या शेजारी बसून बघत होते. सासऱ्यानं पेला तोंडाला लावला आणि आई कुकर बघायला उठली. परत आली तर म्हातारा मेलेला. ती म्हणाली, “अगं, हा कधी गेला?” मी काय बोलणार.

हेच ‘नोटोरियस’मध्ये कसं आहे बघ. सेबॅस्टियनला सगळं समजतं तेव्हा पहाट आहे. तो आईच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसतो. आई बिछान्यात. तिला सुनेबद्दल आधीपासून शंका होतीच, पण तिची शंका परपुरुषाची. तो सांगतो, मी अमेरिकन हेर बाईशी लग्न केलंय. आई उठून बसते, एक सिगारेट काढते, ओठांत ठेवते आणि पेटवते. बस्स. लिओपोल्डीन कॉन्स्टांटिन असं त्या नटीचं नाव. त्या सिगारेटनंतर घरात कोण कारभार हाकणार हे सांगायला लागत नाही. मग कॉफीतून थोडं थोडं विष. विष आहे हे आपल्याला माहीत, ॲलिशियाला नाही. कॉफीचा कप पडद्यावर पुढे, तिच्यापेक्षा मोठा दिसतो. माझी आई तिथून कुकरसाठी उठली नसती, कुकर फुटला असता तरी.

आणि इथंही प्रेमाचा धागा सुटलेला नाही. ती बाकावर डेव्हलिनला भेटते, चेहरा उतरलेला. त्याला वाटतं, पुन्हा प्यायला लागली. ती त्याला तसं वाटू देते, आणि पहिल्या रात्री त्यानं तिच्या उघड्या कमरेला वाऱ्यापासून बांधलेला रुमाल परत करते. ती विषानं मरतेय आणि तो रुसलाय. पडद्याकडे बघून ओरडावंसं वाटतं.

तुझा राग मला दिसतोय. एका बाईला साहेब मंडळी परक्याच्या पलंगावर पाठवतात आणि वर तिच्या चारित्र्यावर बोलतात, हे आपण कौतुकानं का बघायचं? मलाही हा प्रश्न छळतो. माझं उत्तर अर्धंच आहे. चित्रपट त्या साहेबांना सोडत नाही. तिकडे ती मरणाच्या दारात असताना डेव्हलिनचा वरिष्ठ पलंगावर लोळत चीज-बिस्किटं खात त्याच्याशी बोलतो. कुणी भाष्य करत नाही, बिस्किटंच पुरतात. पण डेव्हलिनला शेवटी ती मिळते, आणि त्यानं ते कमावलं असं मला आजही वाटत नाही. सेबॅस्टियननं तिच्यावर निदान तोंडानं सांगून प्रेम केलं. रेन्स बर्गमनपेक्षा ठेंगणा, काही शॉटमध्ये त्याच्या पायाखाली उंचवटा द्यावा लागला, आणि ते ठेंगणेपण त्यानं अभिनयात असं वापरलंय की नाझी असूनही आपल्याला त्याची दया येते. तुझा खलनायक पान 12 वर मिशी पिळतो. त्याला कुणावर तरी प्रेम करू दे. शक्यतो नायकापेक्षा जास्त.

शेवट तर मी रिळावर पुढेमागे करून किती वेळा बघितला असेल. डेव्हलिन तिला खोलीतून उचलून जिना उतरतोय. खाली सेबॅस्टियनचे जर्मन साथीदार बघतायत. सेबॅस्टियन ओरडला तर साथीदारांना कळेल त्यानं हेराशी लग्न केलं, आणि ते त्याला ठार मारतील. गप्प राहिला तर बायको गेली. आई कानाशी कुजबुजतेय, त्याला मदत कर. चौघं एकाच जिन्यावर, पायरीपायरीनं. एकही गोळी सुटत नाही. गाडीत बसायला सेबॅस्टियन गयावया करतो, डेव्हलिन आतून दाराला कुलूप लावतो. मागून साथीदारांची सेबॅस्टियनला हाक येते, ॲलेक्स, जरा आत ये, बोलायचंय. तो वळतो, पायऱ्या चढतो, दार बंद. तुझ्या शेवटच्या सहा पानांत चार पिस्तुलं आहेत, मी मोजली.

पैशांबद्दल तू फोनवर रडलीस म्हणून सांगते. बर्गमन आणि ग्रँट या चित्रपटासाठी रिओला गेलेच नाहीत. तिथली दृश्यं वेगळ्या तुकडीनं टिपून आणली आणि कलाकार हॉलिवूडच्या स्टुडिओत पडद्यासमोर बसले. चुंबनाला तेव्हा सेन्सॉरची तीन सेकंदांची मर्यादा पाळली जायची, म्हणून हिचकॉकनं त्यांना मधे मधे बोलायला, फोन करायला, कोंबडीबद्दल कुजबुजायला लावलं आणि अडीच-तीन मिनिटं एकमेकांपासून सुटूच दिलं नाही. तुला गोदीत चित्रीकरणाची परवानगी मिळत नाही ना? मग घरातला जिना घे.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा पहिली वीस पानंच पाठव. त्यात ती हेर आहे हे मला पान 5 च्या आत कळायला हवं, आणि त्या अधिकाऱ्याला कळता कामा नये. तो तिच्यासाठी कुठंतरी भांडून यावा आणि तिला ते कळू नये. एवढंच कर, बाकी नंतर बघू.

तुझी,
ताई

ता. क. ती ‘उनिका’ किल्ली ग्रँटनं चित्रीकरणानंतर जपून ठेवली होती. पुढे त्यानं ती बर्गमनला दिली आणि तिनं 1979 साली हिचकॉकच्या सत्काराच्या रात्री त्याच्या हातात ठेवली. तुझ्या पटकथेत चोरायची वस्तू म्हणजे एक पासवर्ड आहे. ती बदल. मुठीत मावेल असं काहीतरी शोध.