बी ७ वरचं प्यादं

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, तीन वर्षं बुद्धिबळ शिकतोय. सरांनी मोठ्या खेळाडूंचे डाव एकेक चाल घेऊन अभ्यासायला सांगितलेत. तो मोबाइलवर डाव उघडतो, इंजिन (चांगली चाल सुचवणारा संगणक प्रोग्रॅम) लावतो आणि दहा मिनिटांत 'झाला' म्हणतो. काय कळलं विचारलं, तर सांगता येत नाही. मला खेळ येत नाही. काय करू?
– एक आई, कोथरूड

उत्तर : महिनाभर इंजिन बंद आणि लाकडी पट बाहेर, एवढं आधी करा. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिला ग्रां प्री झाली, कोनेरू हंपीने ती जिंकली. तेव्हा माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर डाव बघायची, पण नजर कडेच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे कोण वरचढ आहे हे इंजिन दाखवतं तिच्यावर. पट्टी हलली की ओरडायची. चाल का खेळली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मी सदाशिव पेठेत, वडिलांसमोर बसून शिकले. ते पुस्तकातल्या चालींवर पोस्टकार्ड धरायचे. आधी मी माझी चाल सांगायची, कारणही सांगायचं, मग कार्ड एक ओळ खाली सरकायचं. एका डावाला दोन रविवार लागायचे.

पहिला डाव पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूचा घ्या. पॅरिस, १८५८. ऑपेरा चालू असताना ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर्ड, दोघं मिळून त्याच्याविरुद्ध खेळले. मॉर्फीकडे पांढरी मोहरी, त्या दोघांकडे काळी. अवघ्या १७ चाली.

सातव्या चालीला मॉर्फीचा वजीर बी ३ वर येतो (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८). एफ ७ आणि बी ७, दोन्ही प्याद्यांवर एकदम नजर. काळा वजीर ई ७ वर आणून एफ ७ राखतो, म्हणजे बी ७ उघडं पडतं. इथे थांबा. मुलगा ते प्यादं खाणार. दहाव्या वर्षी मीही खाल्लं होतं. वडील चूक म्हणाले नाहीत, "खा, आणि पुढे खेळ" म्हणाले. काळ्याने बी ४ वर शह दिला, वजिराला वजीर गेला, माझ्याकडे एक प्यादं जास्त. वाईट काहीच नाही. मग मॉर्फीने ते न खाता सी ३ वर घोडा का काढला?

या एका प्रश्नावर त्याला अर्धा तास बसू द्या. काळ्याची किती मोहरी बाहेर आहेत, बोटांवर मोजायला लावा. एक घोडा आणि एक वजीर, आणि तो वजीरही आपल्याच एफ ८ वरच्या उंटाची वाट अडवून बसलेला. अशा कोंडीत सापडलेल्याला वजीर बदलून मोकळा श्वास का द्यायचा? हे मुलाने स्वतः शोधलं तर डावाचा निम्मा अभ्यास झाला. तुम्ही सांगू नका.

दहाव्या चालीला मॉर्फी दोन प्याद्यांसाठी घोडा देतो. तिथून चाली भराभर जातात, त्या नुसत्या खेळून बघितल्या तरी चालतील. शेवटी मात होते तेव्हा राजा आणि प्यादी सोडली तर मॉर्फीकडे एक हत्ती आणि एक उंट उरलेत. काळ्याचा एफ ८ वरचा उंट आणि एच ८ वरचा हत्ती डावभर जागचे हललेले नाहीत.

आता उलटं विचारायचं. डी ८ वर मात देणाऱ्या हत्तीला राजा का मारू शकत नाही? जी ५ वरच्या उंटाचा जोर आहे म्हणून. तो उंट आला नवव्या चालीला. त्याच्या वाटेत एफ ६ वर घोडा आणि ई ७ वर वजीर उभे होते. वजीर चौदाव्या चालीला सरकला, घोडा पंधराव्याला. दोघांना तिथून कोणी हलवलं, हे मुलाने पट मागे नेऊन वहीत लिहावं.

तुम्हाला खेळ येत नाही, ही सोयच आहे. पोस्टकार्ड तुम्ही धरा. दर चालीला फक्त "का?" विचारा आणि उत्तर तुम्हाला समजेपर्यंत कार्ड सरकवू नका. महिन्याने इंजिन लावा, तेही वहीत जिथे प्रश्नचिन्ह राहिलंय तेवढ्याच चालींसाठी. दुसरा डाव मुलाचा स्वतःचा घ्या, हरलेला.